फाशावर अडलेलं पत्र

हे दोन फासे बघा, दहा-दहा बाजूंचे. लाल फाशावर दशक, पांढऱ्यावर एकक, दोन्ही एकदम टाकायचे की १ ते १०० मधला एक आकडा मिळतो. आत्ता लालवर ७० पडलंय, पांढऱ्यावर ३, म्हणजे ७३. हा रोल-प्लेइंग गेम आहे, म्हणजे प्रत्येक जण गोष्टीतलं एक पात्र होतो आणि ते काय करतं ते बोलून सांगतो. आणि समोरच्या मुलीच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे तिच्या पात्राच्या कागदावर, ‘स्पॉट हिडन’ (लपलेलं हेरणं) या स्किलपुढे लिहिलंय ४५. ४५ किंवा त्याच्या खाली पडायला हवं होतं, नाही पडलं, त्यामुळे टेबलाच्या खणाला खालून चिकटवलेलं पत्र तिथंच राहिलं.

त्या पत्रात पुढच्या घराचा पत्ता होता आणि तो दुसरीकडे कुठेच नव्हता. गेम मी चालवत होतो, म्हणजे गोष्ट आणि त्यातली बाकीची पात्रं माझ्याकडे. पुढचा पाऊण तास चौघं जण त्याच खोलीत फिरत राहिले, गालिचा उचलून झाला, घड्याळ उघडून झालं, भिंती ठोकून झाल्या, शेवटी मी एका नोकराला आत पाठवलं आणि त्याच्या हातून पत्र दिलं. पत्र मिळालं खरं, पण कुणाचेच डोळे चमकले नाहीत. ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण हा शोध त्यांचा होता आणि तो मी त्यांच्या हातातून काढून घेतला होता.

गेम होता कॉल ऑफ कथुलू, केऑसियम कंपनीने १९८१ मध्ये काढलेला, सँडी पीटरसनने लिहिलेला. त्याच्या आधी १९७४ मध्ये याच प्रकारचं डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं होतं, पण त्यात शोधाशोधीचं असं स्किल नव्हतं. गुप्त दार शोधायला सहा बाजूंचा फासा टाकायचा, माणसाला १ किंवा २ पडलं तर सापडलं, एल्फ असेल तर ४ पर्यंत चालायचं, बाकी सगळं बोलून. म्हणजे मी फरशीवर काठी आपटतो, मी मूर्तीचा हात फिरवून बघतो, असं. कथुलूमध्ये मात्र खेळणारे तलवारवाले नाहीत, प्रोफेसर आहेत, पत्रकार आहेत, १९२० च्या दशकातली साधी माणसं. तिथं ‘लायब्ररी यूज’ हे स्किल बंदुकीइतकंच कामाचं! मला ही कल्पना आजही अफाट वाटते, की जुनी वर्तमानपत्रं चाळता येणं हीच एखाद्याची ताकद असू शकते.

पण घोडं पेंड खातं ते फाशापाशी. समजा गोष्ट पुढे जायला तीन क्लू एकामागून एक लागतात आणि प्रत्येकाला ५० टक्के चान्स आहे. तिन्ही सापडायची शक्यता किती? आठात एक. बरं, उलटं करून बघा, चौघांनीही तोच रोल केला, म्हणजे त्याच क्लूसाठी फासे टाकले, एकाचं हुकलं की दुसरा म्हणतोच ना ‘मी पण बघतो’, आणि चौघांचंही स्किल ४५ असेल तर कुणा ना कुणाला सापडायची शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते, मग तो रोल करायचाच कशाला. म्हणजे एकीकडे गोष्ट अडते आणि दुसरीकडे रोलला अर्थ उरत नाही, आणि दोन्हीकडे खेळणाऱ्याचं डोकं कुठे वापरलं जात नाहीये.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या आवृत्तीत हे दोन स्किलमध्ये वाटलंय. पर्सेप्शन म्हणजे दिसणं, ऐकू येणं. इन्व्हेस्टिगेशन म्हणजे दिसलं त्यावरून अंदाज बांधणं. फरक चांगला आहे पण टेबलावर सगळे दोन्हीची सरमिसळ करतात. कथुलूच्या सातव्या आवृत्तीत हुकलेला रोल ‘पुश’ करता येतो, म्हणजे आता वेगळं काय करणार ते सांगायचं, परत फासे टाकायचे, आणि परत हुकलं तर जे वाईट होईल ते भोगायचं.

मुळाला हात घातला तो गेम लिहिणाऱ्या रॉबिन लॉजने, त्याच्या गमशू नावाच्या नियमांच्या सिस्टिममध्ये. केनेथ हाइटचा २००८ चा ट्रेल ऑफ कथुलू हा गेम त्याच सिस्टिमवर आहे. नियम असा की तुमच्याकडे योग्य स्किल आहे, तुम्ही योग्य जागी ते वापरता म्हणालात, तर मुख्य क्लू मिळालाच, फासा टाकायचाच नाही. त्या स्किलचे पॉइंट खर्च केले तर जास्तीची माहिती मिळते. मारामारीला, पळापळीला फासा आहेच. क्लू सापडेल का हा प्रश्नच तिथं काढून टाकलाय, प्रश्न उरतो तो सापडलेल्या क्लूचा अर्थ काय. त्याच वर्षी जस्टिन अलेक्झांडरने गेम चालवणाऱ्यांसाठी एक साधा उपाय मांडला, खेळणाऱ्यांनी जो निष्कर्ष काढायला हवा त्या प्रत्येकासाठी निदान तीन क्लू ठेवा.

ब्रिंडलवुड बे हा गेम तर अजून पुढे गेलाय. त्यात खुनी कोण हे गेम चालवणाऱ्यालाही माहीत नसतं, खेळणारे क्लू जोडून थिअरी मांडतात, दोन फासे टाकतात आणि मग ठरतं ती खरी का. मला ते तितकंसं रुचत नाही, उत्तर आधीपासून कुठेतरी लपलेलं आहे ही जाणीव मला हवी असते. पण ज्यांना आवडतं त्यांना ते का आवडतं हे कळतं.

नंतर तीच खोली मी दुसऱ्या ग्रुपबरोबर खेळलो. पत्ता आता तीन ठिकाणी होता, पत्रात, टांगेवाल्याकडे आणि वहीतल्या फाटलेल्या पानावर. पहिल्यांदाच खेळणारा एक जण म्हणाला, मी खण पूर्ण बाहेर काढतो आणि उलटा करतो. मी लगेच म्हटलं, खाली पत्र चिकटवलंय. फासे त्याने तरीही टाकले, पण ते किती वेळ लागला हे बघायला, आणि दान वाईट पडलं म्हणून जिन्यावर पावलं वाजायला लागली. तो मात्र पावलांकडे लक्षच देईना. पत्र परत परत वाचत होता, पत्ता नाही, वरची तारीख. मग शेजारच्याला म्हणाला,

‘थांब रे. हा माणूस गेला कधी म्हणालास? मग हे पत्र त्याच्यानंतर दोन दिवसांनी कुणी लिहिलं?’