सावज पडल्यानंतरची गोळी

(दृश्य: ऐरोलीहून निघालेली बोट. ओहोटी. गाळावर रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा.)

ठाणे खाडीच्या या गाळात रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून जेवतो. पाणी आत ओढतो, जिभेने बाहेर लोटतो आणि चोचीच्या कडेच्या चाळणीत अडकलेलं गिळतो. २०१५ मध्ये हा पट्टा अभयारण्य झाला, २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला. इथे बंदुकीला जागा नाही. तरीही आज आपण बोलणार आहोत ते शिकारीच्या गोळीबद्दल, कारण ती कशी घडवली आहे यावर सावज किती यातना सोसून मरतं हे ठरतं. आणि ते मेल्यानंतर आणखी कोणाचा जीव जातो, हेसुद्धा.

(दृश्य: मधोमध कापलेली गोळी, जवळून.)

आत करडं दिसतंय ते शिसं. बाहेरचा लालसर थर तांब्याचा. शिकारी रायफलची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ८०० मीटर वेगाने सुटते. एवढ्या वेगात नुसतं मऊ शिसं नळीतल्या आट्यांवर, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचांवर, खरवडून निघेल, म्हणून हे वेष्टन.

आता नाकाकडे पाहा. वेष्टनाने नाकही झाकलं, तर गोळी हरणाच्या अंगातून आरपार निघून जाते. भोक बारीक पडतं, रक्त हळूहळू जातं. हरीण मरतं, पण पळून पळून, कुठल्या तरी झुडपात, कधी काही तासांनी. नाक उघडं ठेवलं, तर आत शिरताच शिसं अळंबीच्या छत्रीसारखं पसरतं आणि गोळीची रुंदी जवळपास दुप्पट होते. फुप्फुसं, हृदय फाटतं, मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि जनावर लवकर शुद्ध हरपतं.

अशी पसरणारी गोळी १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारात लष्करासाठी बनत होती. १८९९ मध्ये हेगच्या जाहीरनाम्याने युद्धात तिच्यावर बंदी आणली. पण इंग्लंडचा १९९१ चा हरणांविषयीचा कायदा पाहा: तिथे हरणावर रायफल चालवायची, तर गोळी पसरणारीच हवी. सैनिकासाठी निषिद्ध, हरणासाठी सक्तीची. मला यात विसंगती वाटत नाही. जखमी सैनिकाला उचलून नेणारं कोणीतरी असतं, जखमी हरणाला कोणी नसतं.

(दृश्य: कापलेल्या दोन गोळ्या शेजारी शेजारी.)

पण पसरण्यालाही मर्यादा हवी. गोळी फार लवकर पसरली, तर खांद्याच्या हाडावरच फुटते. वरवर मोठी जखम होते आणि आतले अवयव शाबूत राहतात. अमेरिकेतल्या जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये कॅनडात मूसच्या शिकारीत हाच अनुभव आला. मूस म्हणजे आपल्या सांबराहून कितीतरी अवजड हरीण. नॉस्लर यांनी गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचं शिसं पसरतं, झडतंही. भिंतीमागचं शिसं गच्च राहून खोलवर जातं. १९४८ पासून ही गोळी बाजारात आहे.

झडलेलं शिसं कुठे जातं, हा प्रश्न मात्र त्यानंतर बरीच वर्षं फारसा कोणी विचारला नाही.

(दृश्य: मारलेल्या हरणाची क्ष-किरण प्रतिमा. हाडांभोवती पांढरे ठिपके.)

हे ठिपके शिशाचे आहेत. एका गोळीतून असे शेकडो कण उडतात, जखमेच्या वाटेपासून दूरवर मांसात रुततात. शिकारी मांस घेऊन जातो आणि आतडी रानातच टाकतो. त्यावर गिधाडं, गरुड येतात. त्यांच्या पोटातल्या तीव्र आम्लात शिसं विरघळून रक्तात उतरतं. पक्ष्याचं पचन थांबतं, पंख लुळे पडतात आणि भरल्या पोटी तो उपासमारीने मरतो.

कॅलिफोर्नियाचा कॉन्डर, म्हणजे तिथलं मोठं गिधाड, १९८२ मध्ये जेमतेम २२ उरला होता. पुढे पिंजऱ्यात पैदास करून पक्षी पुन्हा आकाशात सोडले, तर त्यांच्या रक्तात शिसं सापडत राहिलं. अखेर १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियाने सगळ्याच शिकारीत शिशाच्या गोळीवर बंदी घातली. आपली गिधाडं गेली ती डायक्लोफिनॅकमुळे. जनावराला वेदनाशामक म्हणून दिलेलं औषध मढ्यातून गिधाडाच्या मूत्रपिंडापर्यंत पोचलं. २००६ मध्ये आपण त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद केला. विष वेगळं, वाट तीच.

(दृश्य: पुन्हा खाडी. चिखलात चोच घालणारी बदकं.)

पाणथळीवर गोळी नसते, छरे असतात. दोन-तीन मिलिमीटरचे शिशाचे दाणे. एका बारात ते शेकड्याने सुटतात, पक्ष्याला लागतात थोडेच, बाकीचे गाळात बसतात. पक्ष्यांना दात नसतात. ते वाळूचे खडे गिळतात आणि पेषणीत, म्हणजे कोंबडीच्या पेट्यात, अन्न दळतात. छरा खड्यासारखाच दिसतो. खड्यांबरोबर तोही दळला जातो. मेक्सिकोच्या युकातानमध्ये आणि स्पेनच्या पाणथळींत रोहित असेच शिशाने मेले आहेत. त्यांची चाळणी छरा आणि अन्न वेगळं करू शकत नाही. अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे बंद केले, युरोपीय संघाने पाणथळींवर २०२३ मध्ये.

(दृश्य: पाकळ्या उमललेली तांब्याची गोळी.)

पर्याय आहे. अख्खी तांब्याची गोळी, नाकात पोकळी ठेवलेली. आदळली की पाकळ्या उघडतात, बहुतेक वजन शाबूत राहतं आणि कण जवळजवळ उडत नाहीत. अडचणीही खऱ्या आहेत. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि ती स्थिर फिरायला नळीतले आटे जास्त पिळाचे लागतात. लांब अंतरावर वेग उतरला, तर पाकळ्या नीट उघडत नाहीत आणि आपण पुन्हा त्या बारीक भोकापाशी येतो. म्हणून तांब्याची गोळी चालवणाऱ्याने जनावराच्या जवळ जायला हवं.

(दृश्य: मुरबाडकडचं भातशेत, रानडुकरांनी उकरलेले बांध.)

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. पण त्याच कायद्यातल्या कलम ११ नुसार, उभ्या पिकाला किंवा माणसाला धोका झालेल्या काही प्राण्यांना मारण्याची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतात. मुरबाड, शहापूरच्या शेतकऱ्याचं पोट त्या भातावर आहे. त्याची तक्रार खोटी नाही. माझी विनंती त्या परवानगीच्या कागदापुरती आहे. गोळी पसरणारी असावी आणि बिनशिशाची असावी, एवढ्या दोन अटी त्यात लिहाव्यात. आणि मेलेलं डुक्कर उघड्यावर न सोडता खोल पुरावं. ते पाहून आधी घार येईल, रात्री वासावर तरस येईल. ऐरोली-खारघरच्या कांदळवनात राहणाऱ्या सोनेरी कोल्ह्याचे भाऊबंद त्या रानातही आहेत. त्यांच्यापैकी कोणीही भात खाल्लेला नाही.