गाडीला रंग द्यायचाय? आधी पाणी मारून बघा

(सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलनीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी गाड्या रंगवणाऱ्या एका जुन्या पेंटरचं झालेलं बोलणं, थोडंफार नीट करून.)

नमस्कार मंडळी. टेबलावर हे काय आणून ठेवलंय म्हणून मघापासून सगळे बघताय, तर तो एका मारुतीचा दरवाजा आहे, भंगारवाल्याकडनं किलोवर आणलाय. नुसतं बोलून हे कळत नाही म्हणून मुद्दाम आणला. मधे मी घासायचा पेपर मारून वाटीएवढा गोल घासलाय बघा, पुढच्या रांगेतल्यांनी हात लावला तरी चालेल. कांद्याच्या चकतीसारख्या रिंगा दिसतात का? सगळ्यात बाहेरची चमकणारी ती क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, तिच्या आत पांढरा रंग, मग करडं अस्तर, मग ही पिवळट रुंद रिंग ती लांबी, म्हणजे पुट्टी, आणि लांबीच्या आत बघा काय निघालं, लाल रंग! म्हणजे ही गाडी मुळात लाल होती, कुणीतरी पांढरी करून विकली, आणि घेणाऱ्याला बहुतेक शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

आता कंपनीतनं गाडी येते तेव्हा हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा, म्हणजे दोन केस एकावर एक ठेवले एवढंच गाडीचं कातडं. इथं या दरवाजावर नुसती लांबीच नखाएवढी जाड आहे. आणि कंपनीत नुसता पत्र्याचा सांगाडा भट्टीतनं जातो, 140 डिग्रीच्या आसपास, तेव्हा त्यात ना वायर असते ना सीट ना काच. आपल्याकडं अख्खी गाडी येते, तिला 140 ला भाजली तर डॅशबोर्डचा पापड होईल. म्हणून बूथ, म्हणजे रंग मारायची बंद खोली, असला तरी 60 डिग्रीला अर्धा तास, आणि बाकीचं काम हार्डनर, म्हणजे रंग कडक करायला त्यात मिसळायचं रसायन, करतो. त्यामुळं "कंपनीचाच रंग मारून देतो" असं कुणी म्हणाला की समजायचं की हा माणूस बोलायला चांगला आहे. मात्र कंपनीच्या जवळ जाणारं काम आपल्या सांगलीत होतं, चांगलं होतं, आणि त्याला लाख रुपये लागत नाहीत.

मी तीस वर्षं हेच केलं, आधी उस्तादाच्या हाताखाली, मग मिरज रोडला स्वतःचं पत्र्याचं शेड टाकून. गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न कायम एकच, "फुल बॉडी किती घेणार?" मी म्हणायचो साहेब आधी गाडी धुऊन आणा. लोक चिडायचे, एक सर तर म्हणाले धुवायचीच असती तर रंग कशाला दिला असता. पण धुतल्याशिवाय कळतच नाही की रंग गेलाय का नुसती मळकटली आहे.

घरी करायची गोष्ट सांगतो. टपाचा किंवा बॉनेटचा जो भाग पांढुरका, मेलेला दिसतोय त्यावर तांब्याभर पाणी ओता. ओलं असताना रंग एकदम जिवंत झाल्यासारखा वाटला आणि हाताला गुळगुळीत लागला, तर क्लिअर अजून शाबूत आहे, वरचा पापुद्रा फक्त उन्हानं मेलाय, रबिंग-पॉलिशवर बऱ्यापैकी भागतं. पण कडेला नख घातल्यावर पापुद्रा उचलतोय, सुकल्या पेरूच्या सालीसारखे पोपडे निघताहेत, तर क्लिअर गेली, तिथं पॉलिश मारणं म्हणजे पैसे घासून काढणं. ओरखड्याचं पण तसंच, नख आडवं फिरवा, अडकलं नाही तर पॉलिशला जातो, अडकलं तर रंगाचं काम. आता कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या चालू होतात, बाहेर आलेली कांडकी गाडीच्या अंगावरनं बोट फिरवल्यासारखी फिरतात आणि आपण डोक्याला हात लावतो, पण त्यातले निम्मे ओरखडे नखाला लागत नाहीत हो, माझ्या हातनं पॉलिशवर गेलेत.

तर स्वस्तात चांगलं काम पाहिजे असेल तर रंगात काटकसर करायची नाही, पॅनलमध्ये, म्हणजे गाडीचे किती भाग रंगवायचे त्यात, करायची. छोट्या गाडीला मोजा, बॉनेट एक, फेंडर दोन, दरवाजे चार, मागचे क्वार्टर दोन, टप, डिकी, बंपर दोन. तेरा झाले. साध्या पण नीट काम करणाऱ्या गॅरेजला पॅनलला अडीच-तीन हजारापासनं सुरुवात धरा, गाडी मोठी आणि रंग मोत्यासारखा असेल तर वाढतं. तेरापैकी खरंच मेलेत किती? आपल्याकडं बहुतेक गाड्यांचा टप आणि बॉनेट जातो कारण ऊन वरनं पडतं, दरवाजे तसे ठीक असतात. मग टप, बॉनेट आणि पुढचा बंपर एवढं नीट करा, बाकीला पॉलिश, खर्च तिसऱ्या हिश्श्यावर. पंधरा हजारात अख्खी गाडी रंगवून देणारा भेटतो, नाही असं नाही, पण मग तो कुठं वाचवतो विचारा. रंगात फार वाचत नाही. घासाईत वाचतं.

घासाई म्हणजे काय ते कुणी बघतच नाही. डेंटरनं पत्र्याचे पोचे काढले, लांबी भरली, मग 80 नंबरचा पेपर, मग 180, मग 320, मग अस्तर, त्यावर 600, मेटॅलिक, म्हणजे चमकीचा रंग, असेल तर 800, प्रत्येक वेळी पुसायचं, बोटांनी डोळे मिटून चाचपायचं. होय, डोळे मिटून, माझ्या उस्तादानं पहिले सहा महिने मला रंग फवारायची गन हातात दिली नाही, नुसतं चाचपायला लावलं. आधीच्या पेपरची रेघ राहिली तर रंगाखालनं ती महिन्या-दोन महिन्यांनी वर येते, गाडी घरी गेल्यावर. बीडिंग, वायपर, हँडल, लायटी उतरवायच्या की नुसती टेप लावायची, हा पण घासाईतलाच भाग. टेप लावून मारलेल्या गाडीला सहा महिन्यात रबराच्या कडेनं रंग उचलतो. हे उतरवायचं काम तुम्ही स्वतः घरी करू शकता, नंबर प्लेट, मडफ्लॅप, वायपर, एम्ब्लेम, आणि "हे मी काढून आणलंय, मजुरीत कमी करा" म्हणायला काही लाज नाही.

आणि रंग बदलायचा नाद सोडा. लाल गाडी पांढरी करायची म्हणजे दरवाजाच्या आतल्या कडा, बॉनेटखालचा भाग, डिकीचा आतला काठ सगळं रंगवायला लागतं, दीडपट काम. शिवाय आरसीवर रंगाचा रकाना असतो, मोटार वाहन कायद्याच्या 52 कलमाप्रमाणं आरटीओत कळवून नोंद बदलून घ्यायला लागते. एमएच 10 ची पांढरी गाडी आणि आरसीवर लाल, नाक्यावर कशाला भाषण ऐकायचं.

आता रंगाचं. दरवाजाच्या खांबावर किंवा इंजिनच्या इथं एक पट्टी असते, तिच्यावर कलर कोड असतो, मारुतीचा साधा पांढरा असेल तर 26यू वगैरे. त्या कोडनं दुकानात मशीनवर ग्रॅममध्ये तोलून रंग करतात. पण एका कोडच्याही छटा चार असतात, आणि तुमची गाडी दहा वर्षं उन्हात उभी आहे, त्यामुळं कोड बरोबर असला तरी डबा बरोबर असेल असं नाही. एका कार्डावर मारून, क्लिअर मारून, सुकवून, बाहेर उन्हात गाडीला लावून बघायचं. ट्यूबलाइटखाली सगळे रंग जुळतात हो. सिल्व्हर सगळ्यात दगाबाज, त्यातले ॲल्युमिनियमचे कण गनच्या हवेच्या दाबाप्रमाणं आडवे-उभे बसतात, तोच डबा, दोन पेंटर, दोन सिल्व्हर. म्हणून शहाणा पेंटर मेटॅलिक रंग शेजारच्या पॅनलमध्ये हळूहळू विरवत नेतो आणि क्लिअर दोन्हीवर पूर्ण मारतो. तो दोन पॅनलचे पैसे मागेल, तेव्हा "लुटतोय" म्हणू नका.

कंपनी कुठली घ्यावी म्हणून चिठ्ठी आली आहे. नेरोलॅक, एशियन पेंट्स पीपीजी, निप्पॉन, ॲक्झाल्टा, सगळी चालणारी आहेत, जुने पेंटर अजून ड्युपाँट म्हणतात, त्याचाच गाडीच्या रंगाचा धंदा 2013 ला विकला गेला आणि नाव ॲक्झाल्टा झालं. सुतार फर्निचरला ड्युको म्हणतो ना, तो पण ड्युपाँटचाच, 1923 ला अमेरिकेत ओकलंड नावाच्या गाडीवर पहिल्यांदा आला. आधी गाडी सुकायला आठवडे लागायचे, ड्युकोनं ते तासांवर आणलं. असो. तुम्ही एवढंच विचारा, क्लिअर टू-के आहे का, म्हणजे हार्डनर घालायची, आणि बेस (क्लिअरखालचा रंग), क्लिअर, हार्डनर तिन्ही एकाच कंपनीचे आहेत का. क्लिअर चांगली आणि हार्डनर जो मिळेल तो, हा उद्योग फार चालतो, वर्षात पिवळी पडते. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा.

इन्शुरन्सवर करून घेतो म्हणणारे खूप. ऊन-पावसानं गेलेला रंग इन्शुरन्समध्ये बसत नाही, अपघात लागतो. ठोकर बसली असेल तरी हिशोब करा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, नसेल तर पेंटिंगच्या मटेरियलवर 50 टक्के घसारा कापतात, एकत्र बिल असेल तर पेंटिंगच्या बिलातले 25 टक्के मटेरियल धरतात. म्हणजे आठ हजाराच्या बिलात मटेरियल दोन हजार, त्यातले एक हजार तुमचे. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला वर आणखी हजार तुमच्या खिशातनं. आणि पाच वर्षं क्लेम न करता जमवलेला 50 टक्के नो क्लेम बोनस गेला तो वेगळाच. एका दरवाजासाठी क्लेम करणं म्हणजे म्हशीसाठी गोठा विकणं.

कधी करायचं? पावसाळ्यात नको, बूथ नसेल तर अजिबात नको. हे मी माझ्या पापानं शिकलोय. नवीन नवीन शेड होतं, जुलै महिना, एका गिऱ्हाईकाच्या पोराचं लग्न, लग्नाला हीच गाडी काढायची होती, चॉकलेटी रंगाची. मी म्हटलं करून देतो. संध्याकाळी शेवटचा हात मारला आणि बाहेर धो धो, हवेतलं पाणी रंगात शिरलं, बघता बघता बॉनेटवर दुधाची साय आल्यासारखा पांढरा धूर बसला. रात्रभर घासलं, पहाटे परत मारलं, दुपारी परत तेच. नवरदेव भाड्याच्या गाडीतनं गेला आणि पुढची दोन वर्षं तो गृहस्थ मला बघितलं की रस्त्याच्या पलीकडं जायचा. दसरा-दिवाळीच्या आधी सगळ्या शेडमध्ये गर्दी, घाईत घासाई मारली जाते. दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला, हवा कोरडी, पेंटर मोकळा, भाव पण तुटतो.

पैसे एकदम देऊ नका, आणि अस्तराच्या वेळी एकदा शेडवर जाच. रंग मारल्यावर जाऊन काय उपयोग, तेव्हा सगळंच छान दिसतं. अस्तर मारून घासलेली गाडी मॅट करडी असते, तिच्यावर ओलं फडकं फिरवा, क्षणभर चमकते, त्या चमकेत तिरकं बघितलं की लाटा, खड्डे, रेघा सगळं दिसतं. खडू घेऊन खूण करा. पेंटर कुरकुर करेल पण मनात म्हणेल गिऱ्हाईक जाणकार आहे. तेव्हाच दुसरा हप्ता द्यायचा, शेवटचा गाडी उन्हात बघून. आणि उरलेला रंग बाटलीत मागून घ्या, हार्डनर न घातलेला, पुढं टचअपला लागतो.

शेडवर जाल तेव्हा आणखी एक बघा, गन मारणाऱ्या पोराच्या तोंडाला काय आहे. रुमाल बांधला असेल तर त्याचा उपयोग शून्य. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीत गेलं की दमा जडतो, त्याला निदान कार्ट्रिजवाला मास्क तरी लागतो. माझा उस्ताद रुमालावर तीस वर्षं काढून गेला, शेवटी शेवटी जिना चढताना मधे दोनदा बसायचा. जो मालक पोराच्या मास्कवर पैसे वाचवतो तो तुमच्या गाडीवर पण वाचवतोच, हा माझा अनुभव.

गाडी घरी आणली की आठवडाभर साबण नको, महिना-दोन महिने वॅक्स नको, आतला थिनर बाहेर पडायला वेळ लागतो. चिंचेखाली लावू नका, पाखराची घाण पडली तर तेवढी साध्या पाण्यानं लगेच काढा.

काय म्हणताय काका? पंधरा वर्षं झाली, पासिंगला न्यायची आहे, आणि बॉनेट पांढरं पडलंय? पासिंगला चमक कोण बघतंय, गंज आहे का सांगा. 2019 च्या पुरात बुडली होती? मग दरवाजाच्या खालच्या काठात आतनं गंज असणार, तिथं वरनं रंग मारून काही होत नाही, आधी पाणी जायची भोकं मोकळी आहेत का ते बघायला लागेल. गाडी खाली उभी आहे का? चला मग, मला इथनं काय दिसत नाही. आणि कुणीतरी बाटलीभर पाणी घ्या बरोबर, ऊन कलायच्या आत बघू.