काट मारण्याआधी

[दृश्य: नाशिक, कॉलेज रोड. क्लासचा फळा, कोपऱ्यात कालच्या भूमितीचं अर्धवट पुसलेलं वर्तुळ.]

निवेदन:
संध्याकाळचे सात. फळ्यावर एकच उदाहरण आहे, गुणोत्तरीय राशींच्या, म्हणजे वर-खाली क्ष असलेल्या अपूर्णांकांच्या, भागाकाराचं.

[पडद्यावर]
(क्ष² + ५क्ष + ६)/(क्ष² − ९) ÷ (क्ष² + २क्ष)/(क्ष² − ६क्ष + ९)

पहिल्या बाकावरची पेन्सिल थेट क्ष वर्गावर जाते. वर एक काट, खाली एक काट. उरलं ५क्ष + ६ भागिले वजा ९. दिसायला किती सुटसुटीत! आता क्षच्या जागी १ ठेवा. मूळ अपूर्णांक १२ भागिले वजा ८, म्हणजे वजा दीड. काट मारलेला ११ भागिले वजा ९. जुळत नाही. क्ष वर्ग इथे बेरजेतलं पद आहे, आणि काट लागते ती फक्त गुणाकारातल्या अवयवाला.

म्हणून आधी चारही राशींचे अवयव पाडायचे. गुणाकार ६, बेरीज ५: म्हणजे २ आणि ३. क्ष² − ९ हे वर्गांतर. क्ष² + २क्ष मधून क्ष सामाईक. शेवटची राशी (क्ष − ३) चा पूर्ण वर्ग. मग भागाकाराचा गुणाकार. उलटायचा तो चिन्हानंतरचा अपूर्णांक. घाईत पहिलाच उलटला, तर उत्तरही नेमकं उलटं येतं.

[पडद्यावर]
(क्ष + २)(क्ष + ३)/[(क्ष − ३)(क्ष + ३)] × (क्ष − ३)²/[क्ष(क्ष + २)]

(क्ष + ३) गेला, (क्ष + २) गेला. वर्गातला (क्ष − ३) मात्र एकच जातो. दोन्ही खोडले की गुणही गेले. उत्तर: (क्ष − ३)/क्ष.

पुन्हा १ ठेवा. पहिला अपूर्णांक वजा दीड, दुसरा ३ भागिले ४ म्हणजे पाऊण. वजा दीड भागिले पाऊण, वजा २. उत्तरातूनही वजा २. जवळच्याच देवळालीत मास्तरकी करता करता गणिती द. रा. कापरेकरांनी ६१७४ ची गंमत शोधली (सगळे सारखे नसलेले चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजा करत गेलं की शेवटी ६१७४ च येतं), तीही आकडे घालून बघत बघतच. आपल्याला तर एकच आकडा घालायचाय.

क्षच्या कोणत्या किमती चालत नाहीत, हे मात्र काट मारण्याआधीच लिहायचं. छेद शून्य नको, म्हणून ३ आणि −३ बाद. ज्यानं भागतोय तोही शून्य नको, म्हणून ० आणि −२ बाद. उत्तराच्या छेदात आता नुसता क्ष दिसतो, त्यामुळे ० तेवढा लक्षात राहतो. ३ ठेवला तर उत्तर मुकाट्यानं ० देतं. मूळ उदाहरणात मात्र पहिल्याच अपूर्णांकाचं ३० भागिले ० झालेलं असतं.