घड्याळ कोणाच्या हातात?

संयोजकांनी मला विषय दिला आहे: नव्या लेखकाने कादंबरी लिहावी, चित्रकथा करावी, की थोडक्या पैशांत सिनेमा काढावा? उत्तर मी शेवटी देणार आहे. आधी दिलं तर तुम्ही उठून चहाला जाल आणि माझी तक्रार ऐकायला कोणी उरणार नाही. तक्रार जुनी आहे, आणि इतकी माणसं एका जागी आपण होऊन बसलेली मला रोज मिळत नाहीत.

तर तक्रार अशी. कोणाची तरी नवी कादंबरी आलेली असते. वाचणारा वाचतो, पुस्तक मिटतो आणि म्हणतो, ‘काय जमलीय! यावर पिक्चर निघेल!’ लेखक बिचारा लाजतो, विरघळतो. याहून मोठी शाबासकी नाही असं त्यालाही वाटतं. मला सांगा, सिनेमा बघून बाहेर पडणारा माणूस कधी म्हणतो का, की ‘वा, यावर कादंबरी होईल’? नाही म्हणत. म्हणजे आपण मनातल्या मनात एक जिना बांधून ठेवला आहे. खालच्या पायरीवर कादंबरी, वर सिनेमा, आणि चित्रकथा त्या जिन्याखालच्या अडगळीत, मुलांच्या मोडक्या सायकलीशेजारी.

हसू नका, या जिन्याचे परिणाम मी भोगते. माझ्याकडे हस्तलिखितं येतात. पहिलं प्रकरण: ‘दार करकरतं. अंधार. एक हात.’ दुसरं प्रकरण: ‘रात्र. पाऊस. भरधाव गाडी.’ दोनशे पानं झाली तरी त्या गाडीतल्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय याचा पत्ता नाही, कारण लेखक ते काम नटावर सोपवून मोकळा झालेला असतो. अरे, कादंबरीत नट नसतो! तिथे तूच आहेस! आणि जे पटकथा लिहितात त्यांचं उलट. ‘तो खुर्चीत बसतो. त्याला लहानपणच्या एका संध्याकाळची आठवण होते आणि तेव्हापासून आपण किती बदललो हे जाणवतं.’ दिग्दर्शक विचारतो, हे मी नक्की कुठून चित्रित करू? त्याच्या कानातून? (हशा)

आता मुद्द्याकडे येते. एक वाक्य घेऊ या. ‘ती बराच वेळ दाराशी उभी राहिली, मग कडी न काढताच परत फिरली.’ कोणालाही सुचेल असं वाक्य. वाचायला तुम्हाला चार सेकंद लागले, आणि तेवढ्यात तुम्ही ‘बराच वेळ’ बिनबोभाट मान्य केलात. पाच मिनिटं की तासभर, विचारलंत? दाराचा रंग कुठला, बाहेर दिवस होता की रात्र? कोणीही विचारलं नाही. प्रत्येकाने आपापलं दार लावून घेतलं आणि त्याचा मला छदामही खर्च आला नाही. शिवाय मनात आलं तर त्या स्वल्पविरामाच्या जागी मी तीस पानं घालू शकते. ती कोणाला टाळतेय, दहा वर्षांपूर्वी याच दारातून कोण निघून गेलं, सगळं सांगून मी पुन्हा कडीपाशी येऊ शकते. तिचा हात तिथेच असतो. तुम्हाला कंटाळा आला तर पान दुमडून झोपा. उद्या वाचा.

हेच वाक्य आमच्या ओळखीतल्या एका तरुण लेखकाने चित्रकथेच्या संहितेत घातलं. ‘चौकट तिसरी: ती बराच वेळ दाराशी उभी राहते, मग परत फिरते.’ चित्रकाराने संहिता परत केली. समासात दोनच शब्द, लाल पेनने: ‘कुठला क्षण?’

लेखक रागावला. मी मध्ये पडले, कारण दोघंही माझ्याकडेच येऊन कुरकुरत होते. चित्रकाराचं म्हणणं बिनतोड होतं. एका चौकटीत बाई उभी असेल किंवा वळत असेल. दोन्ही करायला लावलीस तर तिला दोन डोकी काढावी लागतील. आणि ‘बराच वेळ’ कशाने काढायचा? उपाय असतात. तीच पाठ, तेच दार तीन चौकटींत, फक्त जमिनीवरचा उन्हाचा पट्टा सरकत गेलेला. नाहीतर पानभर आडवी एकच चौकट, त्यात संवादाचा एकही फुगा नाही. नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला जो वेळ घेते, तोच तिचा वेळ. लेखकाला तीन चौकटी हव्या होत्या. चित्रकार म्हणाला, ‘तीच पाठ तीनदा मी काढायची? तू काढ ना.’ हे भांडण नुसतं अहंकाराचं नव्हतं. पेन्सिल, शाई, रंग, अक्षरं असं एक पान पुरं करायला एकट्या माणसाचा एक दिवस सहज जातो, बहुतेकदा जास्तच. अमेरिकेत महिन्याला वीस-बावीस पानांचा अंक काढतात तेव्हा ही कामं चार जणांत वाटलेली असतात. आर्ट स्पीगलमनने ‘माऊस’ ही चित्रकथा एकट्याने लिहिली आणि काढली. त्याला १९९२ साली पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं, पण मागे जवळपास तेरा वर्षांचं काम होतं. तेव्हा संहितेत ‘मागे हजारोंचा जमाव’ असं लिहिताना जरा समोरच्या माणसाच्या मनगटाचा विचार करावा.

तर त्या दोघांनी शेवटी जे केलं, ते मी अजून जमेल तिथे सांगते. उजव्या हाताच्या पानावरची अगदी खालची चौकट: तिची बोटं कडीवर. पान उलटायचं. डाव्या पानावर, सगळ्यात वर: बंद दार, समोर कोणी नाही. ती परत फिरली हे काढलंच नाही! ते फिरणं वाचकाने पान उलटताना स्वतःच्या हाताने केलं. कादंबरीला हे जमत नाही, कारण तिथलं पान कुठे उलटेल ते छापखाना ठरवतो. फोनवर वरून खाली सरकवत वाचायच्या ज्या कोरियन वेबटून आहेत, त्यांत पानच नसतं. तिथे दोन चौकटींमधली मोकळी जागा लांबवतात. अंगठा जितका सरकेल तितका वेळ गेला.

आता सिनेमा. तेच दार, तीच बाई. चार मित्र, एक मागून आणलेला कॅमेरा, एकाचं राहतं घर. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने आल्याआल्या फ्रिज बंद केला आणि स्वतःच्या गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवली. मी विचारलं, हे काय? म्हणाला, फ्रिजची घरघर संवादात येते म्हणून बंद करावाच लागतो, आणि निघताना चालू करायला सगळे विसरतात. किल्ली आत असली की विसरता येत नाही. या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे. लघुबजेट सिनेमा शिकवायला मला कोणी बोलावलं, तर पहिला तास मी या किल्लीवर घेईन. नवखे सगळं लक्ष कॅमेऱ्यावर देतात. प्रेक्षक थोडं अंधुक चित्र चालवून घेतो, ऐकू न येणारं वाक्य चालवून घेत नाही.

तर ती उभी राहिली. दिग्दर्शक म्हणाला, राहू दे उभी. आठ सेकंद झाले. मंडळी, पडद्यावर आठ सेकंद म्हणजे किती, हे हातात घड्याळ धरल्याशिवाय कळत नाही. दहाव्या सेकंदाला शेजारी कोणीतरी भिंतीला ड्रिल लावलं. पुन्हा. मग वरून विमान गेलं. पुन्हा. मग ऊन सरकलं, आणि आधीच्या शॉटशी काही जुळेना. चित्रकाराने जो उन्हाचा पट्टा पेन्सिलीने दोन मिनिटांत सरकवला असता, तोच इथे मागे ढकलायला पाच माणसं चादरी धरून उभी. सगळं झाल्यावर ध्वनीवाल्याने सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं केलं, त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायला. संकलनात फटी बुजवायला ती लागते. म्हणजे सिनेमात काही न घडणंसुद्धा आधी घडवावं लागतं! आणि इतकं करून प्रेक्षक काय करतो? फोनवर दोनदा टिचकी मारतो आणि दहा सेकंद पुढे जातो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘सात मिनिटे.’ अक्षर सुरेख आहे, मजकूर तितका नाही. बरं, मग पळतच सांगते.

माझं म्हणणं एवढंच: माध्यम निवडताना ‘मला काय आवडतं’ किंवा ‘कशात पैसा आहे’ हे नंतर विचारा. आधी विचारा, माझ्या गोष्टीतलं घड्याळ कोणाच्या हातात हवं? कादंबरीत वेळ वाचकाचा आणि चित्रही वाचकाचंच. चित्रकथेत चित्र तुमचं, वेळ त्याचा. सिनेमात दोन्ही तुम्ही धरता, निदान टिचकी पडेपर्यंत. गोष्टीचा जीव न घडलेल्या गोष्टींत असेल, माणूस गप्प बसून जे घोळवतो त्यात असेल, तर कादंबरी. वाचकाने थांबावं, मागे जावं, कालचं आणि आजचं एकाच पानावर शेजारी शेजारी बघावं असं वाटत असेल, तर चित्रकथा. आणि त्याने तोंड फिरवता कामा नये, एका चेहऱ्याकडे तुम्ही म्हणाल तितका वेळ बघावंच, असं असेल तर सिनेमा.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आणण्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित केली होती आणि ती चिमुकली फिल्म दाखवून भांडवल मिळवलं होतं. कित्येक दिवस मिनिटभरात. बघणाऱ्यांना वाटाणा काय नवा होता? त्यांनी पाहिला तो दुसऱ्याच्या हातातला वेळ.

पैशाबद्दल दोन शब्द. रॉबर्ट रॉड्रिगेझने १९९२ चा ‘एल मारियाची’ साधारण सात हजार डॉलरमध्ये चित्रित केला, हे प्रत्येक नवा दिग्दर्शक ऐकवतो. पुढचं ऐकवत नाही: चित्रगृहात लावण्यापूर्वी स्टुडिओने त्यावर कितीतरी पटींनी जास्त खर्च केला. त्याच्याकडून घ्यायचं ते दुसरंच. कॅमेऱ्याचा आवाज होई, म्हणून संवाद तो वेगळे मुद्रित करी. ओठ आणि आवाज जुळेनासे झाले की तो झटकन दुसऱ्या कशावर तरी कापत असे, आणि सिनेमाला वेग आला तो त्यातूनही. अडचण आधी, शैली मागून. म्हणून सिनेमा लिहायचाच असेल तर हाताशी असलेल्या जागांची, माणसांची यादी आधी करा आणि गोष्ट त्यातून काढा. रात्रीचे प्रसंग, गर्दी, लहान मुलं आणि पाऊस पुढच्या सिनेमासाठी ठेवा. लोकांना पैसे देता येत नसतील तर जेवण वेळेवर द्या. चित्रकथेत चित्रकाराचं नाव तुमच्या नावाएवढ्याच टाइपात हवं, आणि मोबदला-हक्कांचं बोलणं पहिल्या पानाआधी, कागदावर. कादंबरीला कोणीच लागत नाही. म्हणून ती सगळ्यात स्वस्त, आणि म्हणूनच अर्धवट टाकायलाही सगळ्यात सोपी. तिथे तुमची वाट बघत ताटकळलेलं कोणी नसतं.

ज्यांना अजूनही ठरत नाही त्यांनी आपल्या गोष्टीतला एकच प्रसंग घ्यावा. एक पान गद्य लिहावं. मग तोच चार चौकटींत काढावा, काड्यांची माणसं चालतील. मग फोनवर एका मिनिटात चित्रित करावा. तिन्हींपैकी कुठे तुम्हाला काही गाळावं लागल्याचं वाईट वाटलं, ते बघा. जिथे गाळल्यावर उलट हायसं वाटलं, ते तुमचं माध्यम. हे असं का, ते सांगायला अजून वीस मिनिटं लागतील आणि अध्यक्ष आता उभेच राहिले आहेत.

प्रश्न घेते. फक्त ‘प्रकाशक कसा मिळवायचा’ हा सोडून. ते मला कळलं असतं तर मी इथे फुकट बोलायला आले नसते.