विजयात क्वार्टरबॅकचा वाटा किती?

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेच्या दक्षिणेतल्या विद्यापीठांत शिकतात. त्यामुळे शनिवारी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ जिंकल्यावरही रविवारी घरात क्वार्टरबॅकवरून, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूवरून, कडाक्याचा वाद का होतो, असा प्रश्न तुम्हाला कधी ना कधी पडला असेल. पराभवानंतर चाहते चिडले तर ते समजण्यासारखे आहे. जिंकल्यावरही समाधान नाही, याला पुष्कळजण हावरटपणा म्हणतात. मला मात्र जिंकल्यानंतरचा हा वादच अधिक प्रामाणिक वाटतो, कारण पराभवानंतर दोषी शोधण्याची घाई असते, तर विजयानंतर कोणाचा वाटा किती हे शांतपणे मोजता येते. ॲलाबामा विद्यापीठाच्या संघाचे उदाहरण घेऊन मी हे मांडणार आहे.

टेक्ससच्या जेलन हर्ट्सने 2016 साली पहिल्याच वर्षी या संघाचे क्वार्टरबॅकपद मिळवले. दोन मोसमांत सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांपैकी 26 त्याने जिंकले आणि फक्त 2 गमावले. पहिला पराभव जानेवारी 2017मध्ये क्लेमसनविरुद्ध राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात झाला, आणि तोही अवघा 1 सेकंद उरलेला असताना. एवढा हिशेब पाहिला तर वादाला जागाच उरत नाही. तरीही वाद होता, आणि तो का होता हे 1 जानेवारी 2018च्या शुगर बोल या उपांत्य सामन्यात स्वच्छ दिसते.

त्या दिवशी ॲलाबामाने क्लेमसनला 24-6 असे हरवले. हर्ट्सने 24 पैकी 16 पास पूर्ण केले, दोन टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे पोहोचवणारे पास) फेकले, पण यार्ड, म्हणजे पासांवर संघ पुढे सरकला ते अंतर, मिळाले फक्त 120. म्हणजे चेंडू हातातून सुटला की सरासरी 5 यार्ड. त्यातही दुसरा टचडाउन नीट पाहण्यासारखा आहे. तिसऱ्या सत्रात बचाव फळीतल्या डरॉन पेनने क्लेमसनचा पास अडवून ताब्यात घेतला, आणि त्यानंतर गोलरेषेजवळून हर्ट्सने 1 यार्डाचा पास फेकला तो त्याच पेनला. पाठोपाठ मॅक विल्सनने आणखी एक पास हिसकावून थेट टचडाउन केला. या दोन टचडाउनमुळे 24 पैकी 14 गुणांचा उगम बचाव फळीत होता, आणि त्याच फळीने क्लेमसनला एकही टचडाउन करू दिला नाही. त्या मोसमात या बचावाने दर सामन्याला सरासरी 12पेक्षा कमी गुण दिले होते. असा बचाव पाठीशी असताना क्वार्टरबॅकला सामना जिंकून द्यावा लागत नाही, तो गमावला नाही एवढे पुरते.

हर्ट्स ते काम चोख करत होता. 2017च्या संपूर्ण मोसमात त्याचे 17 टचडाउन पास होते आणि इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने हिसकावलेला पास, फक्त एक. या एका आकड्यावर चाहत्यांचे सरळ दोन तट पडले. एक तट म्हणे, हा मुलगा चेंडू गमावत नाही, याहून अधिक काय हवे? दुसरा म्हणे, तो चेंडू गमावत नाही कारण अवघड पास फेकतच नाही. रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) मोकळा होण्याआधीच तो स्वतः पळायला लागतो. मला दुसऱ्या तटाचे निरीक्षण अचूक वाटते. पण त्यातून काढलेला निष्कर्ष, म्हणजे हर्ट्स पास फेकणारा क्वार्टरबॅक होऊच शकत नाही, हा मला तेव्हाही पटला नव्हता.

आठवड्याभराने, 8 जानेवारीला, अटलांटातल्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्ये जॉर्जियाविरुद्ध राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला. मध्यंतराला ॲलाबामा 0-13 असा मागे होता आणि हर्ट्सचे 8 पैकी 3 पास पूर्ण झाले होते, 21 यार्डांचे. प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला बसवले आणि हवाईहून आलेल्या, डावखुऱ्या, पहिल्याच वर्षाच्या टुआ टॅगोव्हायलोआला मैदानात उतरवले. दोघेही तेव्हा 19 वर्षांचे होते. सामना 20-20 असा बरोबरीत सुटला आणि जादा खेळात ॲलाबामाने 26-23 असा जिंकला.

आता इथे मोजमापाचा प्रश्न येतो, आणि चाहत्यांनी तो फार लवकर सोडून दिला असे माझे मत आहे. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये पासकाराचे मानांकन काढण्याचे सूत्र ठरलेले आहे. यार्डांना 8.4ने गुणायचे, त्यात प्रत्येक टचडाउनसाठी 330 आणि प्रत्येक पूर्ण पाससाठी 100 मिळवायचे, प्रत्येक इंटरसेप्शनसाठी 200 वजा करायचे आणि फेकलेल्या पासांनी भागायचे. टुआचे त्या रात्री 24 पैकी 14 पास, 166 यार्ड, 3 टचडाउन आणि 1 इंटरसेप्शन होते; मानांकन येते सुमारे 149. हर्ट्सचे येते सुमारे 60. वाद मिटला, असे अनेकांना वाटले. पण शुगर बोलमधल्या त्या 1 यार्डाच्या पासलाही हे सूत्र 330 गुण देते, हे विसरून कसे चालेल?

शेवटचे दोन डाव बघा; डाव म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून खेळ थांबेपर्यंतचा एक प्रयत्न. जादा खेळात जॉर्जियाने 51 यार्डांचा फील्ड गोल, म्हणजे लाथेने चेंडू गोलखांबांमधून, मारून 3 गुणांची आघाडी घेतली. ॲलाबामाला 25 यार्डांच्या रेषेवरून चेंडू मिळाला. पहिल्याच डावात टुआने चेंडू वेळेवर सोडला नाही, मागे मागे सरकत राहिला आणि 16 यार्ड गमावून पाडला गेला. फील्ड गोलचे अंतरही त्यामुळे हाताबाहेर जाऊ लागले. नवख्या खेळाडूची ती ढोबळ चूक होती, आणि महाविद्यालयीन आकडेवारीत असे गमावलेले यार्ड पळण्याच्या खात्यात जातात, म्हणून मानांकनात तिचा मागमूसही नाही. पुढच्या डावात, चेंडू ताब्यात ठेवायला ठरलेले 10 आणि गमावलेले 16 मिळून 26 यार्डांची गरज असताना त्याने आधी उजवीकडे पाहून मागच्या बचावपटूला जागीच खिळवले, मग डावीकडे 41 यार्डांचा पास डेव्होन्टा स्मिथच्या हातात टाकला आणि सामना संपला. ती नजर, तो क्षणभराचा संयम हर्ट्सच्या खेळात तेव्हा नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. पण पास थोडा चुकला असता, तर त्याच चाहत्यांनी आधीच्या डावावरून टुआला दोषी धरले असते आणि सेबन यांचा निर्णयही चुकीचा ठरवला असता. तो निर्णय मध्यंतराला घेतला गेला होता, तेव्हा हाती होती त्या माहितीवर. 41 यार्डांच्या त्या पासने तो अधिक बरोबर ठरला नाही.

हर्ट्सने त्या रात्री टुआबद्दल मोकळ्या मनाने आनंद व्यक्त केला. पुढचा मोसम सुरू होण्याआधी मात्र त्याने उघडपणे सांगितले की, त्याला काय वाटते हे संपूर्ण वसंत ऋतूत कोणीच, प्रशिक्षकांनीसुद्धा, विचारले नव्हते. जागा टुआला मिळाली. हर्ट्स संघ न सोडता थांबला आणि पास फेकण्याच्या तंत्रावर काम करत राहिला.

1 डिसेंबर 2018 रोजी, त्याच स्टेडियममध्ये, त्याच जॉर्जियाविरुद्ध, चौथ्या सत्रात ॲलाबामा 21-28 असा मागे असताना टुआचा घोटा दुखावला आणि हर्ट्स आत आला. त्याने 9 पैकी 7 पास पूर्ण केले, 82 यार्ड आणि एक टचडाउन मिळवला. सूत्राप्रमाणे मानांकन सुमारे 191. मग साधारण एक मिनिट उरले असताना तो स्वतः 15 यार्ड पळत गोलरेषेपलीकडे गेला आणि सामना 35-28 असा संपला. नऊ पासांवरून कोणाचीही पारख करू नये, हे जानेवारीतल्या त्याच्या आठ पासांबाबत जितके खरे तितकेच इथेही. पण रिसीव्हर मोकळा होईपर्यंत चेंडू धरून उभे राहणे, ज्याच्या अभावावरून दोन वर्षे वाद चालला होता, ते त्या दिवशी डोळ्यांना दिसत होते. ज्यांनी त्याच्या जिंकलेल्या सामन्यांतही ही उणीव बारकाईने टिपली होती, त्यांनाच ती भरून निघालेली सर्वांत आधी ओळखता आली.