बऱ्हाणपूरचे मनोरे आणि बागांचे पाणी

सभ्य श्रोतेहो, रावेर सोडून गाडी बऱ्हाणपूरला थांबते तेव्हा आपण लालबागेत उतरतो. पण ही वस्ती ज्या मोगलकालीन बागेचे नाव सांगते, ती बाग कुठे गेली, असा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. आज हा जिल्हा मध्य प्रदेशात असला, तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी हीच होती, आणि म्हणून तिचा इतिहास आपल्याही घरचा आहे.

शहरात शिरताना नजर जाते ती जामा मशिदीच्या दोन उंच मनोऱ्यांकडे. राजा अली खान फारुकी याने बांधलेल्या या मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत लेखही कोरलेला असून, त्यात शके १५११ मधील तिथी-वार एखाद्या जोशीबुवाने पंचांग उघडून सांगावेत तशा तपशिलाने दिले आहेत. मनोऱ्याला तडा गेला, तर घडीव दगड, चुना आणि जाणता गवंडी मिळाला की काम भागते. बागेचे तसे नाही; ती पाण्यावाचून जगत नाही. तापीपलीकडच्या जैनाबादेतील आहुखान्याचेच पाहा: ही शाही मृगयेची बाग, १६३१ मध्ये बऱ्हाणपुरात मुमताज महल वारली, तेव्हा तिला प्रथम येथेच पुरले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्र्याकडे नेण्यात आला. येथे येणारा प्रत्येक जण तेवढी कथा ऐकून परततो, आणि बाग मात्र पाहायचीच राहते.

माझ्या मते बागेच्या जीर्णोद्धाराचा विचार जमिनीखालून सुरू झाला पाहिजे. अब्दुल रहीम खानखाना सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी वाटेतच अडवून कुंडी भंडारा उभा राहिला. एका ओळीत शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखे उभे खड्डे, खणायच्या, त्यांचे तळ भुयाराने जोडायचे आणि भुयाराला इतका बेताचा उतार द्यायचा की मोट, रहाट काहीही न लावता पाणी आपसूक जाळी करंजा या पाणी जमा होण्याच्या हौदापर्यंत यावे, अशी ही योजना आहे. वर शेतांतून चालताना या कुंड्यांची बांधीव गोल तोंडे एकामागून एक दिसतात. त्यांतूनच भुयारात हवा आणि उजेड पोचतो, आणि गाळ काढायला माणूसही त्यांतूनच उतरतो. खाली भिंतींवर पाण्यातल्या चुन्याची पांढरी पुटे चढली आहेत. ही पुटे वाढत गेली की वाट अरुंद होते.

२०२४ मध्ये कुंडी भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आले, ही आनंदाची गोष्ट खरीच. परंतु पायथ्याच्या टेकड्यांवर झाड राहिले नाही, किंवा आसपासच्या बोअरवेलींनी तेच पाणी आधी उपसून घेतले, तर भुयार कितीही निगुतीने साफ केले तरी ते कोरडेच राहील. म्हणून लालबागेत वा आहुखान्यात नवे ताटवे लावण्याचा खर्च मांडण्यापूर्वी कुंड्यांतील पाण्याची पातळी दर उन्हाळ्यात मोजून तिची नोंद ठेवावी, आणि जेवढे पाणी निघेल तेवढीच बाग धरावी.