आकडा टाकणारी गाठ

नमस्कार श्रोतेहो. मेंदूतली गाठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं आवळ्यासारखं काहीतरी येतं. कापलं, काढलं, मोकळे झालो. पण ग्लिओमा जातीची गाठ शेजारच्या चांगल्या पेशींत पाण्यासारखी मुरते आणि त्यांच्याच विजेवर वाढते. विजेवर म्हणालो ते मुद्दाम. त्याचा एक किस्सा आहे, तो आधी सांगतो.

मंगळवार पेठेत आमचं जुनं घर. पुढच्या खोलीत एक शिंपी भाड्यानं राहायला आला. गोड माणूस. आमची आजी दिवसभर सोप्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायची. मांजरसुद्धा तिला विचारल्याशिवाय आत जायचं नाही. शिंप्यानं आल्या आल्या तिला तपकिरीची डबी दिली आणि 'आक्का, आक्का' सुरू केलं. झालं, राखणदार त्याच्या बाजूला.

त्या वर्षी माझी मॅट्रिक. जेवणं झाली की मी माजघरात दिवा लावून बसायचो. बसलो की बल्ब मिणमिणायचा आणि भिंतीपलीकडं शिलाई मशीन धडधडायला लागायचं. मी दिवा मालवला की मशीन गप्प. आई म्हणायची, "बिचारा! पोराच्या झोपेची किती काळजी त्याला." दिवाळीच्या तोंडावर लाइटचं बिल बघून वडिलांचे डोळे पांढरे झाले, तेव्हा वायरमन आला. त्यानं लाकडी पट्टी उचकटली, तर माझ्या दिव्याच्या बटणापुढं वायरीवर आकडा टाकलेला आणि भिंतीला भोक पाडून तो पलीकडच्या मोटरीला जोडलेला. म्हणजे बघा, मी जितका जास्त अभ्यास करायचो, तितकी त्याची पोलकी जास्त शिवून व्हायची! सहामाहीला मी गणितात गचकलो, त्याची दिवाळी मात्र जोरात.

वडील म्हणाले, "तोड ती वायर." वायरमननं मान हलवली. दोन्ही वायरींना पीळ बसलेला, वर चिकटपट्टी, कुठली कुणाची कळेना. "मालक, ह्ये तोडलं तर तुमचंच घर अंधारात बसंल."

आता मेंदूत या. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो सांध्यावर, ग्लुटामेट नावाचं रसायन सोडून. 2019 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या मिशेल मोन्जे आणि जर्मनीत हायडेलबर्गचे फ्रँक विंकलर, दोघांच्या गटांनी दाखवून दिलं की ग्लिओमाच्या पेशी चेतापेशींशी तसेच सांधे जोडतात. चेतापेशी चेतली, म्हणजे तिच्यातून वीज धावली, की गाठीला वाढीचा इशारा मिळतो. पुन्हा सांगतो: काम करतो मेंदू, वाढते गाठ. पोरांनो, अभ्यासानं गाठ होते असा अर्थ काढून पुस्तकं मिटू नका. ते मी म्हटलेलं नाही.

उलट बाजूनं गाठही ग्लुटामेट सोडते. शेजारच्या पेशी भडकतात आणि माणसाला फिट येते. पुष्कळांना रोगाची पहिली खूण हीच. मोठ्या वयात पहिल्यांदा फिट आली तर स्कॅन करून घ्या. आणि नाकाला चप्पल लावू नका हो! माणसाला कुशीवर वळवा. कोल्हापुरी चप्पल पायातच शोभते.

असो. तर कापायचं कुठं, हा वायरमनचाच प्रश्न. 1928 साली बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी या सर्जननं अशा काही रुग्णांचा मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढल्याचं प्रसिद्ध केलं. तरीही रोग परतला. पीळ तितका लांबवर गेलेला असतो. म्हणून आता फिटवरच्या औषधांनी हा आकडा ढिला होतो का, याच्या चाचण्या चालू आहेत.

राहिली आजी. मेंदूतही राखणदार असतात, मायक्रोग्लिया नावाचे. त्यांनी गाठ खाऊन टाकायची. पण गाठ त्यांना अशी काही रसायनं चारते की ते तिचीच चाकरी करू लागतात. ग्लिओब्लास्टोमात, म्हणजे ग्लिओमाच्या सगळ्यांत घातक प्रकारात, तर गाठीतल्या पेशींचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, याच राखणदारांचा आणि रक्तातून आलेल्या त्यांच्या भाऊबंदांचा असतो.

शिंप्यानं खोली सोडली त्या दिवशी आजी जेवली नाही. "पोरगं लई गुणाचं हुतं," म्हणाली. "त्यो वायरमनच बघा, दारातनं आत आला तर मला नमस्कारसुदीक केला न्हाई."